टचपॅड गेलं आणि 'पुढे जा' अडलं

टचपॅड बंद पडलं ते नेमकं अर्जाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सातला. बाण स्क्रीनच्या मधोमध थिजलेला. (बऱ्याच लॅपटॉपवर एखादी फंक्शन की चुकून दाबली गेली तरी टचपॅड बंद होतं, ते आधी तपासा. माझं खरंच गेलं होतं.) घरात माऊस नाही. मोबाईलवर साईट उघडली तर 'कृपया संगणकावरून भरा' अशी पाटी. मुदत रात्री बाराची.

मी म्हटलं, त्यात काय, कीबोर्ड आहे की! कंट्रोल-टी दाबून नवा टॅब, कंट्रोल-एल दाबून थेट ॲड्रेस बारमध्ये, लॉगिन, पहिली दोन पानं, सगळं सरसर झालं. टॅब की दाबली की पुढचा रकाना, शिफ्ट-टॅब दाबलं की मागचा. टिकमार्कला स्पेसबार, गोल पर्यायांत बाणांच्या की. ड्रॉपडाऊनमध्ये पहिलं अक्षर दाबलं की यादी तिथे उडी मारते. फक्त यादी इंग्रजी आणि कीबोर्ड मराठी असेल तर कितीही दाबा, काही हलत नाही. मी दोन मिनिटं दाबत बसलो होतो, मग विंडोज-स्पेसने भाषा बदलली.

तिसऱ्या पानावर सगळे रकाने भरले. खाली हिरवंगार बटण: 'जतन करा व पुढे जा'. टॅब दाबलं. काहीच उजळलं नाही. पुन्हा दाबलं, तर खालच्या डाव्या कोपऱ्यात एका लिंकचा पत्ता उमटला. म्हणजे मी थेट तळाच्या 'गोपनीयता धोरण'वर पोचलो होतो. शिफ्ट-टॅब, शिफ्ट-टॅब, परत शेवटच्या रकान्यात. मधलं बटण गायब. डोळ्यांना दिसतंय, टॅबला दिसत नाही. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकटसुद्धा त्या साईटवाल्यांनी काढून टाकलेली, बहुतेक दिसायला बरं दिसत नाही म्हणून.

रकान्यातच एंटर मारून पाहिलं. बऱ्याच फॉर्ममध्ये चालतं, इथे ढिम्म. मग कंट्रोल-एफ दाबून 'पुढे जा' शोधलं, एस्केप, एंटर. लिंक असेल तर ही युक्ती हमखास चालते, आणि लांबलचक पानावर टॅब बडवत बसण्यापेक्षा कितीतरी बरी. इथे अक्षरं रंगली, एवढंच. मग एफ७ आठवलं. ते दाबलं की वर्डमध्ये असतो तसा कर्सर वेबपानावर फिरवता येतो. तो मी बाणांच्या कीने रेटत रेटत नेला आणि 'पुढे'च्या 'पु' आणि 'ढे'च्या मध्ये उभा केला. लुकलुकतोय बिचारा. एंटर. काही नाही.

वरच्या कोपऱ्यात पंधरा मिनिटांचं घड्याळ उलटं पळत होतं. ते शून्यावर गेलं आणि मी बाहेर. तिसरं पान पुन्हा भरलं. यावेळी कंट्रोल-ए दाबायला गेलो आणि बोट वरच्या डब्ल्यूवर पडलं. टॅब बंद! कंट्रोल-शिफ्ट-टीने तो परत आणला, पण रकाने कोरे. दुसरा ब्राउझर, मग तिसरा. तिथेही तेच.

साडेदहाला भाचीला फोन केला, ती वेबसाईटच बनवते. तिने स्क्रीनचा फोटो मागवला, पान स्वतःकडे उघडलं आणि हसली. "मामा, ते बटण नाहीच आहे. नुसता रंगवलेला डबा आहे, क्लिक केलं तरच ऐकतो. खरं बटण असतं तर टॅब आणि एंटर आपोआप चाललं असतं."

"मग मी करू काय?"

"माऊस कीज चालू कर."

हे मला वीस वर्षं कॉम्प्युटर वापरून माहीत नव्हतं. विंडोजवर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबायचं. खिडकी विचारते, 'हो' म्हणायचं. मग उजवीकडच्या नंबरपॅडने बाण चालतो: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे आणि ५ म्हणजे क्लिक. चालला नाही तर नम लॉक एकदा दाबून बघा. नंबरपॅडच नसलेल्या छोट्या लॅपटॉपवर मात्र हे जमत नाही. बाण मुंगीसारखा निघाला. कंट्रोल धरून ठेवलं की पळतो, हे मला नंतर कळलं. हिरव्या डब्यावर पोचताच त्याचा हात झाला. ५. पान उलटलं! मी घरात एकटाच ओरडलो.

पुढची चारही पानं तशीच होती, पण बटण त्याच जागी. बाण तिथेच उभा ठेवला आणि रकाने भरून झाले की टॅबने रकान्याबाहेर, पान तळाला न्यायला एंड, मग ५. अकरा चाळीसला पावती आली. कंट्रोल-पीने ती पीडीएफ करून ठेवा, ईमेल येईलच असं नाही.

हो, आणि बॅकस्पेस. पूर्वी रकान्याबाहेर तो दाबला की मागचं पान यायचं आणि भरलेला फॉर्म उडायचा. क्रोमने २०१६ मध्ये ते बंद केलं, नाहीतर त्या रात्री माझं आणखी एक पान गेलं असतं. मागे जायला आता ऑल्ट आणि डावा बाण. मॅकवर वरच्या बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड.

भाचीकडून आणखी एक कळलं. वेबसाईट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय नियमांत कलम २.१.१ आहे: पानावरचं सगळं कीबोर्डने करता आलं पाहिजे. तेही सर्वांत खालच्या, 'ए' पातळीवर, २००८ पासून. माझी एक संध्याकाळ गेली. ज्यांना माऊस धरताच येत नाही किंवा बाण दिसतच नाही, ते त्या हिरव्या डब्यापाशी रोज अडत असतील.

तक्रार केली. आठवड्याने उत्तर आलं: 'कृपया दुसऱ्या ब्राउझरमध्ये प्रयत्न करावा.' मी उत्तरात कलमाचा आकडा लिहून पाठवलाय. अजून पोच नाही.