देवळात मी आधी कर्णे बघतो

बडोद्याच्या रावपुऱ्यात तीसेक वर्षं माइक-लाउडस्पीकर भाड्याने दिले. गणपती, कीर्तनं, लग्नं, गल्लीतला गरबा, सगळं केलं. धंदा आता बंद आहे, पण कुठल्याही देवळात गेलो की हात जोडायच्या आधी नजर कर्ण्यांकडे जाते. ही खोड काही सुटायची नाही.

मागच्या वर्षी मुलाकडे ह्यूस्टनला गेलो होतो. त्याच्या ऑफिसातला एक मल्याळी मुलगा रविवारी आम्हाला लेकवुड चर्चमध्ये घेऊन गेला. चर्च कसलं, स्टेडियमच! म्हणजे खरंच स्टेडियम. ह्यूस्टन रॉकेट्स 2003 पर्यंत तिथे बास्केटबॉल खेळायचे. 2005 साली चर्च तिथे आलं आणि 2010 मध्ये शहराकडून ती जागा विकतच घेतली, 75 लाख डॉलरला. आता तिथे उपदेश करणाऱ्या जोएल ऑस्टीन यांच्या वडिलांनी 1959 मध्ये पशुखाद्याच्या रिकाम्या दुकानात सुरुवात केली होती. आज खुर्च्या आहेत सुमारे 16 हजार. गाड्या लावून देणारे स्वयंसेवक बघून मला थेट बडोद्याचं गरब्याचं मैदान आठवलं, फक्त पास कोणी मागितला नाही.

मी मुद्दाम वरच्या टोकाला जाऊन बसलो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे 100 मीटरवर बसलेल्याला स्टेजवरचा शब्द पाव सेकंदापेक्षाही उशिरा मिळतो, आणि मधे दुसरा स्पीकर लावला की तोच शब्द दोनदा. मैदानात ही डोकेदुखी मी उभा जन्म सोसली आहे. इथे ओठ पडद्यावर हलत होते आणि शब्द बरोबर त्यांच्यासोबत. एकदाही शिट्टी नाही. मिक्सरवर बसलेल्या त्या पोराला मनातल्या मनात नमस्कार केला.

क्रॉस शोधला, तो काही दिसला नाही. मागे सोनेरी पृथ्वीचा गोल फिरत होता. "अहो, हे प्रवचन आहे की ऑर्केस्ट्रा?" बायकोने विचारलं, आणि पुढच्या गाण्याला तीच टाळ्या वाजवत उभी राहिली. मीही गायलो, पडद्यावर शब्द होतेच. पण शेजारच्याचा आवाज मला ऐकू येईना. माझा मलाही नाही.

तिथून पुतणीकडे मिनियापोलिसला. ती आर्किटेक्ट, तिने क्राइस्ट चर्च लुथरन दाखवायला नेलं. बाहेरून साधी विटांची इमारत, 1949 ची. तिचे आर्किटेक्ट एलिएल सारिनेन मूळचे फिनलंडचे, वडील लुथरन पाद्री. इमारत झाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. शेजारची जोडइमारत त्यांच्या मुलाची, एरोची.

आत वेदीमागची भिंत गोलसर, पांढऱ्या विटांची. तिच्यावर बाजूने ऊन पडतं, पण खिडकी बसल्या जागेवरून दिसत नाही. बायको ते ऊन बघत बसली, मी बाजूच्या भिंती. दोन्ही समांतर नाहीत! आमच्याकडच्या मंगल कार्यालयांत समोरासमोर सपाट भिंती, वर चकचकीत टाइल्स. भटजींचं एक 'सावधान' वऱ्हाडी तीनदा ऐकतात आणि शिव्या माइकवाल्याला.

प्रार्थनेला चाळीसेक माणसं असतील, बहुतेक माझ्या वयाची. ऑर्गन सुरू झाला, सगळे पुस्तक उघडून गायला लागले. पुढच्या रांगेतले आजोबा पट्टी सोडून गात होते, तेही स्पष्ट ऐकू आलं. मला ते फार आवडलं.

नंतर लोक कॉफीला गेले. (कॉफी पातळ होती, जाऊ दे.) मी मागे राहिलो आणि मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. समांतर भिंतींत ती टर्रर्र करत परत येते. इथे नुसती विरत गेली. बायको ओळख नसल्यासारखी दाराकडे निघाली.

मी आणखी एक वाजवली.