ठमीचं कधी केलंत? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या कुत्रीचं, ठमीचं नसबंदीचं ऑपरेशन चौदाव्या महिन्यात केलं. पहिला माज अकराव्या महिन्यात आला, तो संपल्यावर तीन महिने थांबलो आणि मग केलं. एवढं सांगितलं की अर्धे लोक "इतका उशीर?" म्हणतात आणि उरलेले "एवढी काय घाई होती?" म्हणतात. दोघांनाही आजवर हसून टाळत आले. आज नीट सांगते.

उशीर म्हणणाऱ्यांच्या तोंडी एक हिशेब ठरलेला असतो: स्तनाच्या गाठींचा धोका पहिल्या माजाआधी केलं तर ०.५ टक्के, पहिल्यानंतर ८, दुसऱ्यानंतर २६. हे आकडे १९६९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातले आहेत. मीही ते पाठ म्हणून दाखवायचे, आणि चुकीचे दाखवायचे. ०.५ टक्के म्हणजे दोनशे कुत्र्यांतल्या एकीला गाठ होते असं नाही. न केलेल्या कुत्रीला जेवढा धोका, त्याच्या ०.५ टक्के, असा त्याचा अर्थ. शिवाय २०१२ साली या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा कच्चा आहे असंच निघालं. म्हणजे धोका नाही असं नव्हे, पण या आकड्यांनी कुणाला झोडपू नये.

घाई म्हणणाऱ्यांकडे २०१३ सालचा गोल्डन रिट्रीव्हरांचा अभ्यास असतो. वर्षाच्या आत केलेल्यांत सांध्यांची दुखणी जास्त दिसली, हे खरंच. पण तो अभ्यास करणाऱ्यांनीच २०२० साली पस्तीस जाती तपासल्या, तेव्हा लहान चणीच्या कुत्र्यांत तसं काही दिसलं नाही. ठमी तीस किलोची होणार हे पंजे बघूनच कळत होतं, म्हणून थांबलो. माज संपल्यावरचे तीन महिने डॉक्टरांनी सांगितले होते. माजात गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. नंतरचे दोनेक महिने खोट्या गरोदरपणाचे.

आणि "करायचंच कशाला, निसर्गाला कळतं की" असं म्हणणारे? ते वाक्य माझंच होतं, आमच्या आधीच्या कुत्रीच्या, काळीच्या वेळचं. काळी नऊ वर्षांची होती. माज होऊन महिना-दीड महिना झाला होता. खूप पाणी प्यायला लागली, दिवसभर पडून राहायची. आम्ही वयावर ढकललं. बाहेर काही येत नव्हतं, म्हणून शंकाही आली नाही. पिशवी आतल्या आत पुवाने भरली होती. त्यापुढचं मी लिहिणार नाही.

पण मला खरी टोचणी आहे ती तारखेची नाही. ती पाचव्या दिवसाची आहे, आणि त्याबद्दल कुणीच विचारत नाही.

पहिल्या रात्री ठमी कण्हत राहिली. भूल उतरताना तसं होतं हे ठाऊक होतं, तरी मी जमिनीवर तिच्याशेजारीच झोपले. तिसऱ्या दिवशी ती खेळायला मागू लागली. इथेच फसगत होते. कुत्री हुशारली म्हणजे पोट बरं झालं असं आपण धरून चालतो. दहा ते चौदा दिवस उड्या नाहीत, जिने नाहीत, अंघोळ नाही आणि टाके चाटू नयेत म्हणून घातलेला गळ्यातला कोन काढायचा नाही, हे मला शब्दन् शब्द पाठ होतं. पण त्या कोनाने ती दर दाराला धडकायची, पाण्याच्या भांड्यापाशी अडकायची आणि मग मान खाली घालून माझ्याकडे बघत उभी राहायची. पाचव्या दिवशी दुपारी मी कोन काढला. कानामागे खाजवलं. तिने डोळे मिटून घेतले. म्हटलं, पाच मिनिटं, मी समोरच आहे ना!

फोन वाजला. मी आत गेले.

किती वेळ बोलले ते आजही आठवत नाही. ऐकू आला तो चपचप आवाज, लयीत, शांत. पलंगाखाली वाकून पाहिलं तर ठमी पाय फाकवून निवांत चाटत होती. बाहेरचे चार टाके गेले होते. कातडीची फट उघडी आणि आत पिवळट चरबी. माझे पाय गळाले. स्वच्छ ओलं फडकं लावलं, वरून चादर गुंडाळली, तिला उचललं. ती शेपटी हलवत होती.

आतले, स्नायूंचे टाके शाबूत होते म्हणून निभावलं. पुन्हा भूल, पुन्हा टाके, चौदा दिवस पहिल्यापासून. डॉक्टर रागावले नाहीत. "कोन दया येऊन काढतात सगळे," एवढंच म्हणाले. सगळे काढतात हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तेव्हा महिना अचूक निवडला म्हणून मिरवणाऱ्या मला विचारावंसं वाटतं: बाई, एवढे अभ्यास वाचलेस, फोन वाजत ठेवता आला नाही? ती बाई म्हणेल, तू ठमीचा चेहरा बघितला नव्हतास. बघितला होता की.

आता ठमी सात वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून गाढ झोपेत अंथरूण ओलं करते. बीजकोश काढल्यावर मोठ्या कुत्र्यांत हे होऊ शकतं. गोळीने बरंचसं थांबलंय. आणखी एक माज थांबले असते तर टळलं असतं का? काही जण हो म्हणतात. मग काळी आठवते आणि मी थांबले नसते असं वाटतं. मग ओली चादर बदलताना पुन्हा वाटतं, थांबायला हवं होतं का?

तुमची किती किलोची होईल, आणि शेवटचा माज कधी संपला, ते सांगा. आणि ते चौदा दिवस घरात कोण असणार आहे, तेही.