टोचन करून आणलेली काळी ऑक्टाव्हिया

ट्रॅक्टरला बांधून आणलेली गाडी आमच्या वडकीत कोणी मान वर करून पाहत नाही. बोलेरो येते, पिकअप येते, हंगामात तर रोजचंच. पण त्या सकाळी सोलाच्या दोराला बांधलेली स्कोडाची काळी ऑक्टाव्हिया आरएस आली, तेव्हा समोरच्या टपरीवरचे लोक कप हातात धरूनच रस्त्यावर आले. ट्रॅक्टरवर बाप, गाडीच्या स्टेअरिंगवर पोरगा. बापाने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि गाडीकडे न पाहता मला म्हणाला, "बेचाळीस क्विंटल कापूस आणला, मिस्तरी. पाहून घ्या."

हिशोब खरा होता. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११०, आणि गाडी तीन लाख चाळीस हजारांची. हा सौदा झाला तेव्हा मी सोबत होतो. हे लिहायला बसलो तेही त्याचमुळे.

माझं गॅरेज जुन्या सात नंबरच्या महामार्गावर. सरकारने त्याचं ४४ केलं, पण बोलताना अजून सातच. काम मुख्यतः डिझेलचं. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, म्हटलं की लोकांना शर्यत आठवते, मला बोलेरोचा धूर आठवतो. डिझेल टर्बो चुका सहन करतो. पेट्रोलचा करत नाही. त्याचा एक्झॉस्ट कितीतरी जास्त तापतो आणि शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो शाफ्ट बेरिंगला टेकत नाही, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. तेल गेलं की सगळं गेलं.

पोरगा चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला. फोनच्या पडद्यावर ब्यूकची ग्रँड नॅशनल. अमेरिकेत मसल कार म्हणजे आठ सिलिंडर हे ठरलेलं असताना या काळ्या गाडीने ३.८ लिटरच्या सहा सिलिंडरला टर्बो लावला आणि १९८७ साली २४५ हॉर्सपॉवर काढली. तिचा थोरला अवतार जीएनएक्स, एकूण फक्त ५४७ बनल्या. हे सगळं मला त्यानेच पाठ करून घ्यायला लावलं. ती गाडी इकडे कुठून मिळणार? म्हणून गरिबाची ग्रँड नॅशनल : २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो, दीडशे हॉर्सपॉवर. हीच गाडी युरोपात १८० ची मिळायची. आपल्याला मॅन्युअल गिअर आणि दीडशे, तरी आजच्या कितीतरी नव्या गाड्यांना ती मागे टाकते.

नागपूरचा मालक विकायला घाईवर होता. वीस वर्षं पूर्ण झालेल्या कारची नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झाली, वर हरित कर, वर फिटनेसच्या चकरा. ज्याच्या दारात तीन गाड्या आहेत तो म्हणतो, जाऊ दे. स्वस्तातल्या चांगल्या गाड्या अशाच सुटतात. सडलेल्यासुद्धा अशाच सुटतात.

मी काय काय पाहिलं ते सांगतो, कारण त्याचा मला अभिमान होता. आदल्या रात्री मालकाला गाडी चालू करू नका म्हणून सांगितलं होतं. बॉनेटवर हात ठेवून थंड असल्याची खात्री केली. ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून धूर-हवा उलटी येते का ते पाहिलं, नव्हतं. चारही प्लग काढून कॉम्प्रेशनचा गेज लावला : दहा बारच्या आसपास, चौघांत फरक अर्ध्या बारचा. वीस वर्षांच्या इंजिनाला मी तिथेच नमस्कार केला. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकुलरचे पाइप दाबून पाहिले, एक कडक झालेला. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नाही, म्हणून पाच हजार कमी करून घेतले. गाडी वळवून पाहताना दार उघडं होतं, हेडलाइट चालू राहिले होते, आणि गाडी गप्प होती. ते मला आवडलंसुद्धा. नव्या गाड्यांसारखी उगाच टिंगटिंग करत नाही म्हटलं.

ते वाक्य मी मोठ्याने बोललो होतो. पोरग्याला अजून आठवतं.

गाडी घरी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांचं काम माझ्या सांगण्याप्रमाणे झालं. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र, कारण पंपासाठी परत सगळं उघडणं म्हणजे मूर्खपणा. चार प्लग. एक कॉइल. पेट्रोलचे जुने रबरी होस काढून इथेनॉल चालतील असे टाकले. पंपावर आता वीस टक्केवालंच मिळतं, आणि २००५ च्या रबराला ते सांगून बनवलेलं नाही. आणि तेल. आधीच्या मालकाने काय ओतलं होतं देव जाणे, काळं, घट्ट, राबेसारखं. मी पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घातलं, डब्यावर कंपनीचा ५०२.०० हा दर्जा लिहिलेलं, साडेचार लिटर. पोरगा म्हणाला, दादा, किती महाग! मी म्हटलं, यात कंजुसी करायची असेल तर आतापासूनच बैल घे.

रीमॅप, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवणं, नको, हे मी बजावून सांगितलं होतं. निदान एक उन्हाळा जाऊ दे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, इंटरकुलरला थंड हवा द्यायला बाहेर थंड हवा तर पाहिजे. पोट्ट्याने ऐकलं नाही. शहरात लॅपटॉप घेऊन बसलेले असतात, गाडीच्या खाली कधी न गेलेले, त्यातल्या एकाने अर्ध्या तासात दीडशेचे एकशेनव्वद करून दिले. कागदही दिला, आलेखासकट. मोबाइलवर रीळ टाकली. आठ दिवसांनी करंजीच्या जवळ टकटक सुरू झाली.

तर त्या सकाळी, टपरीवरचे दहा लोक ऐकत असताना, बाप शेजारी उभा असताना, मी त्या पोरग्याला झापलं. "काय सांगितलं होतं तुले? ऐकलं कायले नाही? इंजिन फुकून आणलं ना बे!" तो खाली मान घालून उभा राहिला. बाप म्हणाला, "सांगतलं होतं ना तुमी? ऐकते कोण." आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला.

दुपारी चेंबर, इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवलं.

चेंबरच्या तळाशी तेल सोनेरी दिसत होतं. बोटावर घेतलं तर बारीक चमक, बेरिंगच्या शेलची. ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती चाळणी. तेल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती दिसतच नव्हती. तिच्यावर काळ्या खड्यांचा थर, करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखा. नखाने काढला तर पापुद्रे निघाले. हे आठ दिवसांचं काम नाही. हे वर्षांचं साचलेलं होतं, हेडमध्ये, तेलाच्या गॅलऱ्यांमध्ये, कोपऱ्याकोपऱ्यात. आणि सुटून खाली कधी आलं? चांगलं, धुणारं, महागाचं तेल आत गेल्यावर. मी ओतलेलं.

जुन्या, कधीच न धुतलेल्या इंजिनात एकदम सिंथेटिक घालायचं नाही, घातलं तर हजार किलोमीटरला काढायचं आणि आधी चेंबर उतरवून चाळणी पाहायची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ट्रॅक्टरला मी ते करतोच. या गाडीला केलं नाही. दहा बारचं कॉम्प्रेशन पाहून माझं डोकं फिरलं होतं.

पण मग दाब कमी होताना तेलाचा लाल दिवा का लागला नाही? पोरगा शपथेवर सांगत होता, दादा, काहीच लागलं नाही, काहीच वाजलं नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. संध्याकाळी डॅशबोर्डवरचा मीटर काढला. मागच्या दोन क्लिपा तुटलेल्या, म्हणजे आधी कोणीतरी उघडलेला. आत तेलाच्या दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा, नखाएवढा, कात्रीने नीट गोल कापलेला. आणि बोर्डावर बझरच्या जागी दोन रिकामी भोकं.

टेप कापणाऱ्याचा हात चांगला होता, हे मला सगळ्यात जास्त लागलं. आपल्यातलाच कोणीतरी मिस्तरी.

म्हणजे गाडी आमच्याकडे आली तेव्हाच दाबाची तक्रार करत होती आणि तिचं तोंड बांधलेलं होतं. चावी फिरवली की एकेक दिवा लागतो आणि विझतो, ते मोजायचं असतं. मी मोजले नाहीत. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचा थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ आहे, धूर आणि आवाज दाखवायला काढलेला. आता मी तो थांबवून थांबवून पाहतो. बॅटरी लागते, इंजिन लागतं, एअरबॅग लागते. तेलाच्या जागी अंधार. तीन सेकंदं स्वच्छ दिसतंय.

रीमॅपने किती केलं? काहीतरी केलंच असेल, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढला की तेलाची गरज वाढते. नसता केला तर चाळणी मार्चमध्ये बुजण्याऐवजी मेमध्ये बुजली असती का? की माझं तेल नसतं तर आणखी दोन वर्षं तशीच रखडत चालली असती? याचं उत्तर चेंबर उघडूनही मिळत नाही.

रात्री पोरग्याला बोलावून सगळं दाखवलं. चाळणी, टेप, व्हिडिओ. म्हटलं, उद्या तुझ्या बाबाकडे येतो आणि सांगतो. तो बराच वेळ टेपचा तो गोल तुकडा बोटावर चिकटवून पाहत बसला. मग म्हणाला, "दादा, बाबाले नका सांगू. मीच बिघडवली म्हणून समजले तं आठ दिवस बोलतीन. घेतानाच फसलो समजलं तं गाडी भंगारात देतीन. आन् तुमच्याकडं ट्रॅक्टरबी नाही आणणार."

क्रँक नागपूरहून ग्राइंडिंग होऊन आला. शेल आले. टर्बोचं कार्ट्रिज यायचं आहे, पैसे पोरगा वीस-वीस दिवसांची वायरिंगची कामं करून जमवतोय, मी मजुरी लावलेली नाही. गाडी ताडपत्रीखाली आहे.

मागच्या आठवड्यात बाप ट्रॅक्टर घेऊन आला, तेल-फिल्टर बदलायला. मी खाली शिरून बोल्ट काढला, जुनं तेल पातेल्यात पडू लागलं. तो वर बाजेवर बसून ताडपत्रीकडे पाहत होता.

"त्या दिवशी तुमी बोलले ते बरं झालं, मिस्तरी," तो म्हणाला. "घरात कोणाचं ऐकत नाही. बाहेरच्या एकानं तरी बोलाव लागते."

"हो काकाजी," मी ट्रॅक्टरच्या खालून म्हटलं, आणि तेल पूर्ण निथळेपर्यंत तिथेच पडून राहिलो.