डिसॅबिलिटी पेन्शन: नागपूरहून सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंतचा (एएफटी) माझा अनुभव

लष्करातून निवृत्त होताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने माझं हायपरटेन्शन ३० टक्के, आजीवन, असं नोंदवलं आणि त्याच कागदावर ते 'सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही' असंही लिहिलं. लष्करी सेवेशी संबंधित अपंगत्वासाठी मिळणाऱ्या डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा अडतो तो या दुसऱ्या शेऱ्यावर. टक्क्यांवरून भांडण फारसं होत नाही.

म्हणून अपील लिहायच्या आधी कागद हातात घ्या. दावा फेटाळल्याचं पत्र दोन ओळींचं असतं. खरं कारण बोर्डाच्या कार्यवाहीत असतं. ती माहिती अधिकारात आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागायची. महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं आपल्या कामठीलाच. कामठी जवळ आहे म्हणून दुसऱ्या रेजिमेंटचा अर्ज तिथे दिला तर नुसता वेळ जातो. अर्जासोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. उत्तराची मुदत ३० दिवस. तीन गोष्टी नावानिशी मागा: मेडिकल बोर्डाची संपूर्ण प्रत, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी आणि तारखांसह पोस्टिंगचा तपशील.

आता बोर्डाचं कारण वाचा. बहुतेक वेळा तिथे एवढंच असतं: आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर, सुरू झाला. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने नियमांचा अर्थ स्पष्ट केला आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट भरती झाला असं धरायचं आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. भरतीच्या तपासणीत तो आजार का सापडू शकला नसता, याची कारणं बोर्डाने लिहायला हवीत. ती नसतील तर अपिलाचा पहिलाच परिच्छेद त्यावर हवा. पीस स्टेशनच्या आधी फील्डला (सीमेवर किंवा कारवाईच्या भागात) किंवा हाय अल्टिट्यूडला किती महिने काढले, ते पोस्टिंगच्या तारखांनी दाखवा. मात्र हा निकाल सगळ्यांना तारत नाही. नरसिंग यादव प्रकरणात (२०१९) स्किझोफ्रेनियाबाबत न्यायालयाने बोर्डाचं मत कायम ठेवलं. तसंच २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत; जुन्या निकालाचा आधार घेण्याआधी आपली निवृत्तीची तारीख बघा.

पहिलं अपील नकारानंतर सहा महिन्यांत, तेही फेटाळलं तर दुसरं पुन्हा सहा महिन्यांत. स्पीड पोस्टाची पावती आणि पोहोच जपून ठेवा, कारण पुढची मुदत त्यावरच मोजतात. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तर वाट बघत बसू नका. २००७ च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण कायद्याचं कलम २१ तेव्हा थेट न्यायाधिकरणात जायची मोकळीक देतं. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडावा लागतो.

नागपूरकरांसाठी एएफटीचं खंडपीठ मुंबईला. पेन्शनचा अर्ज त्याच कायद्याच्या कलम १४ खाली जातो. वकील लावता येतो, स्वतःही बाजू मांडता येते. वकीलपत्र दिलं असेल तर दर तारखेला विदर्भ एक्स्प्रेस पकडायची गरज नाही. समोर दोन सदस्य असतात: उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले एक न्यायिक सदस्य आणि लष्करातून वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले एक प्रशासकीय सदस्य. ही रचना मला फार मोलाची वाटते. फील्ड पोस्टिंग म्हणजे काय हे एकाला सांगावं लागत नाही. दुसरे मात्र बोर्डाने कारण दिलं की नुसता शेरा मारला, हेच बघतात. अर्ज दोघांनाही पटेल असा लिहा. शौर्याचं वर्णन कमी, तारखा आणि पान क्रमांक जास्त.

राउंडिंगची, म्हणजे अपंगत्वाचे टक्के वरच्या ठरलेल्या टप्प्यावर धरण्याची, मागणी अर्जात स्पष्ट लिहा. राम अवतार प्रकरणानंतर (२०१४) पूर्ण मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही ते मिळू लागलं: २० ते ४९ टक्के असतील तर ५० धरतात. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के हा आधार. म्हणजे ४०,००० वेतनावर ३० टक्के डिसॅबिलिटीचे ३,६०० होतात, ५० धरले की ६,०००. त्यावर महागाई भत्ता वेगळा. थकबाकी मात्र साधारणपणे अर्ज दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच देतात (तरसेम सिंग, २००८), त्यामुळे तीन वर्षं उलटून गेली असतील तर पुढच्या प्रत्येक महिन्याच्या उशिराला एका महिन्याची रक्कम कायमची जाते.

निकाल विरोधात गेला तरी दार बंद होत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एएफटीच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते हे स्पष्ट केलं. निकाल बाजूने लागला आणि दिलेल्या मुदतीत अंमल झाला नाही, तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच खंडपीठात करायचा. सुधारित पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर आला की टक्के ५० लागलेत का आणि थकबाकीची सुरुवातीची तारीख निकालाशी जुळते का, हे त्याच दिवशी तपासा; फरक असेल तर निकालाची प्रत जोडून तिथेच तक्रार नोंदवा.