तुम्ही विचारलंत म्हणून : वॉटर बर्थ ठरवावा का?

इथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये गणपतीला भेटलेल्या मैत्रिणी विचारतात, डोहाळजेवणात कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, आणि परवा तर रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर एकीने विचारलं : "ताई, तुमचा वॉटर बर्थ ठरला होता ना? आणि शेवटी सिझेरियन झालं. मला सातवा लागलाय, मलाही पाण्यातच बाळंत व्हायचंय. ठरवू का? की ठरवलं की जास्त त्रास होतो?"

ठरवा. मन लावून ठरवा. पण माझं काय झालं ते आधी सगळं ऐका.

मी सांगलीची. कृष्णेच्या घाटावर पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले. पाण्यात अंग सैल सोडलं की पाठीतली कळ कशी विरघळते, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. त्यामुळे सोळाव्या आठवड्यात मिडवाइफने, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित दाईने, बर्थ सेंटरची (साध्या बाळंतपणांसाठी मिडवाइफच चालवतात ते केंद्र) ती खोली दाखवली, मंद दिवे, खोल टब, धरायला छतावरून सोडलेली कापडी दोरी, तेव्हाच मी मनाने त्या पाण्यात उतरले होते.

आईला फोनवर सांगितलं. तिकडे आधी शांतता. मग, "पाण्यात? अगं, नाकातोंडात पाणी जाईल लेकराच्या." २०१९ च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तेव्हापासून आईला पाणी म्हटलं की तेच दिसतं. मी तिला म्हटलं, आई, आपण त्या पिशवीला पाणमोटच म्हणतो ना? नऊ महिने बाळ पाण्यातच असतं. प्राणवायू त्याला नाळेतून मिळतो. बाहेरची हवा आणि गारवा चेहऱ्याला लागला की ते पहिला श्वास घेतं. म्हणून बाळाला लगेच, पण अलगद वर आणतात, म्हणजे नाळेला हिसका बसत नाही. आणि एकदा तोंड पाण्याबाहेर आलं की पुन्हा पाण्याखाली जाऊ देत नाहीत. बाळ आत गुदमरलेलं असेल तर ते पाण्यातच श्वास ओढू शकतं, हा धोका खरा आहे. त्यासाठीच कळा सुरू असताना दर पंधरा मिनिटांनी ठोके ऐकतात आणि जोर द्यायच्या वेळी प्रत्येक कळेनंतर.

"म्हणजे कुणीतरी सारखं बघत असतं ना?" आई म्हणाली. मला वाटतं, वॉटर बर्थबद्दल विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिने पहिल्याच फोनवर विचारला होता.

या पद्धतीचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. फ्रान्समधल्या पितिविये या छोट्या गावातल्या रुग्णालयात मिशेल ओदाँ नावाचे सर्जन होते. त्यांनी टब आणला तो बाळ पाण्यात जन्मावं म्हणून नाही, तर कळा सोसताना बाईला आराम पडावा म्हणून. काही बायकांना त्या पाण्यातून बाहेर यावंसंच वाटेना, आणि बाळं तिथेच जन्मली. १९८३ मध्ये त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. म्हणजे पाण्यातला जन्म हाच मुळात बेत बदलल्यामुळे घडला. ठरला होता फक्त आराम. हे मला फार उशिरा समजलं. आधी समजलं असतं तर माझ्या कागदावर मी 'वॉटर बर्थ' असं लिहिण्याऐवजी 'कळांच्या वेळी पाणी, जमेल तितका वेळ' असं लिहिलं असतं.

आता आकडे, कारण ते मला कुणी आधी सांगितले नव्हते. इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून अधिक कमी जोखमीच्या बायकांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयाला लागून असलेल्या बर्थ सेंटरमध्ये प्रसूती ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४० टक्के जणींना बाळंतपणात किंवा लगेच नंतर लेबर वॉर्डात, म्हणजे डॉक्टर असतात त्या प्रसूती विभागात, हलवावं लागलं. घरी ठरवलेल्या पहिलटकरणींमध्ये ४५ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हेच प्रमाण साधारण १२ ते १३ टक्क्यांवर येतं. २०२४ मध्ये कार्डिफ विद्यापीठाचा 'पूल' (POOL) नावाचा अभ्यास आला. त्यात टबात उतरलेल्या ७३ हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी होत्या. कोणतीही गुंतागुंत नसलेल्या बायकांसाठी पाण्यात जन्म देणं हे जन्माआधी बाहेर येण्याइतकंच सुरक्षित आहे, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की साधारण तिघींतली एक जन्माआधी बाहेर आली होती, काही उपचारांसाठी, काही वेदना कमी करायचं आणखी औषध हवं म्हणून. टबात बसून एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेता येत नाही. गॅस अँड एअर, म्हणजे कळ सुसह्य करणारा श्वासातून ओढायचा वायू, मात्र घेता येतो.

तिघींतली एक. हे मला बाराव्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते. मी तयारी केली असती.

माझा बेत पहिल्यांदा बदलला तो सव्विसाव्या आठवड्यात. इथे आपल्यासारख्या दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाची चाचणी आवर्जून करायला सांगतात. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी, दोन तासांनी पुन्हा रक्त. इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात : मर्यादा ७.८ ची, माझी आली ८.१. फोनवर एका बाईंनी अगदी सहज सांगितलं, "आता बर्थ सेंटर नाही, तुम्ही लेबर वॉर्डच्या." मी फोन ठेवून जिन्यात बसून रडले. भाताचं आणि आंब्याचं दुःख नव्हतं ते. त्या खोलीचं होतं.

दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर मी एक प्रश्न लिहून काढला : साखर वाढली म्हणून पाण्यात नेमका कोणता धोका वाढतो? तो घेऊन मी तिथल्या वरिष्ठ मिडवाइफकडे गेले. तिने माझं वाचन खोटं ठरवलं नाही आणि खोटी आशाही दाखवली नाही. ती म्हणाली, साखर आहारावर आटोक्यात राहिली, बाळाची वाढ सोनोग्राफीत ठीक दिसली, तर लेबर वॉर्डातही एक टब आहे. पाण्यात चालणारा बिनवायरचा मॉनिटर लावू. दर तासाला बोट टोचून साखर बघू, ती ४ ते ७ मध्ये राहायला हवी. चाळीस आठवडे आणि सहा दिवसांच्या पुढे मात्र थांबायचं नाही. आणि टब एकच आहे, त्या वेळी तो रिकामा असेल याची मी हमी देत नाही.

'नाही' आणि 'असं असेल तर हो' यांत केवढं अंतर असतं! ते एका प्रश्नाने कापलं गेलं. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, नकार मिळाला तर कारण विचारा. कधीकधी कारण भक्कम असतं आणि ते मान्य करावंच लागतं. कधी तो फक्त नेहमीचा रिवाज असतो.

त्या दिवशी मी घरी येऊन कागदाची दोन पानं केली. पहिल्यावर पाणी. दुसऱ्यावर, पाणी नसेल तर. पहिलं पान लिहायला दहा मिनिटं लागली, दुसऱ्याला तीन संध्याकाळी. नवरा समोर बसलेला. बाहेर यायला सांगायचं असेल तर काय झालंय ते एका वाक्यात मला सांगा. आतून तपासण्याआधी प्रत्येक वेळी विचारा. सिझेरियन करावं लागलं तर नवरा माझ्या डोक्याशी असू दे, बाळ ठीक असेल तर पडदा खाली करा, बाळ माझ्या छातीवर द्या, मुलगा की मुलगी ते आमचं आम्हाला बघू द्या. आणि पहिले शब्द मराठीत. हे शेवटचं नवऱ्याने त्याच्या अक्षरात लिहिलं.

अडतिसाव्या आठवड्यात आई आली. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, आणि सुती जुन्या साड्यांच्या दुपट्यांचा गठ्ठा. टबाबद्दल तिने पुन्हा काही विचारलं नाही. एकदा फक्त न्हाणीघरात तिने नळाखाली कोपर धरलेलं मी पाहिलं. "किती गरम चालतं म्हणालीस?" मी सांगितलं, साडेसदतीसच्या वर नाही.

नोव्हेंबरातली रात्र. कळा सुरू झाल्या. पहाटे पाचला पोचलो, गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं, आणि टबात दुसरी कुणीतरी होती. दीड तास मी भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले. त्या अनोळखी बाईचा मला राग यायला हवा होता, पण भिंतीपलीकडून तिचा आवाज आला आणि मनात आलं, हिचं नीट होऊ दे.

साडेसातला मी पाण्यात उतरले. ते तीन तास मी कुणालाही देणार नाही. कळ तशीच येत होती, लहान झाली नव्हती. पण दोन कळांच्या मध्ये शरीर माझं राहिलं नाही, हलकं झालं, तरंगत राहिलं. मी कडेवर हनुवटी टेकून डोळे मिटायचे. आई बाहेर थांबली होती. नवरा तांब्याऐवजी प्लास्टिकच्या जगने पाठीवर पाणी सोडत होता. मिडवाइफ गुडघे टेकून बसलेली, थर्मामीटर पाण्यात, दर तासाला माझं एक बोट बाहेर. बोलणं जवळजवळ नाहीच.

साडेदहाच्या सुमाराला पाणमोट फुटली आणि टबातलं पाणी हिरवट झालं. बाळाने आत शी केली होती. त्याच वेळी ठोके एकदा खाली गेले, वर आले, पुन्हा गेले. मिडवाइफने माझ्या डोळ्यांत बघत सांगितलं, "पाण्याचा रंग बदललाय आणि ठोके मला आवडत नाहीयेत. तुम्ही बाहेर यावं असं मला वाटतं." एका वाक्यात. कागदावर होतं तसं. मी विचारलं, "थोडं थांबता येईल का?" ती म्हणाली, "मी थांबणार नाही." मी उठले.

पाण्यातून बाहेर येताना आपलं सगळं वजन एकदम परत येतं. ती जागा मला अजून आठवते, टबाची पायरी, ओले पाय, थरथर. पुढचं भरभर सांगते : पलंग, पट्टे, ड्रिप, एपिड्युरल, आठ सेंटिमीटरवर अडलेले पाच तास, ठोक्यांची घसरण, आणि संध्याकाळी तातडीचं सिझेरियन. पडदा खाली झाला. नवरा म्हणाला, "ये गं बाई, ये." आम्हाला मुलगी झाल्याचं खोलीतल्या इतरांना त्या शब्दांवरून कळलं नाही, आम्हाला कळलं.

नंतर सगळे म्हणाले, बाळ-बाळंतीण सुखरूप ना? मग झालं. ते खरं होतं आणि त्यांचं प्रेमही खरं होतं. तरी दुधाच्या रात्री मी रडायचे, आणि कुणाला सांगू नये असं वाटायचं, कारण ज्यांची बाळं वाचली नाहीत त्यांच्यापुढे हे काय दुःख? हा विचार मला बरेच महिने गप्प ठेवत होता. आता मी उघड सांगते, कारण आपल्याच शब्दात बाळ आणि बाळंतीण दोघी आहेत. बाळ सुखरूप असलं म्हणजे बाळंतीण आपोआप सुखरूप होत नाही. मला टब गेल्याचं दुःख होतं, ते महिनाभरात निवलं. जास्त टोचलं ते वेगळंच. कामाची पाळी बदलल्यावर आलेल्या एका डॉक्टरांनी मला न विचारता, माझ्याकडे न बघता तपासलं. दुसऱ्या पानावरचं ते एक वाक्य पाळलं गेलं नाही. सिझेरियनची जखम भरली, पण ती एक मिनिटभराची गोष्ट नंतरही स्वप्नात यायची.

चौथ्या महिन्यात मी रुग्णालयाकडे वेळ मागितली. इथल्या बऱ्याच रुग्णालयांत एखादी मिडवाइफ तुमच्यासोबत बसून तुमच्या प्रसूतीच्या नोंदी वाचते. तासभर बसलो. बाहेर यायला सांगितलं तेव्हा ठोके किती होते, ते मी कागदावर पाहिलं. माझ्या मनातला "आणखी अर्धा तास थांबले असते तर" तिथे संपला. त्या डॉक्टरांबद्दलही मी लिहून दिलं.

पुण्याहून मावसबहीण विचारते, आपल्याकडे करावं का? रुग्णालय ते नेहमी करत असेल, प्रशिक्षित माणसं असतील आणि ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत असेल, तर जरूर चौकशी कर. किती जणी टबात उतरतात आणि किती बाहेर येतात, कशासाठी येतात, हे विचार. जे हे आकडे सांगतील त्यांच्यावर विश्वास ठेव. पण ऑनलाइन मागवलेला फुगवायचा टब, घरची न्हाणी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, एवढ्यावर कुणी तयार होत असेल तर मी हात जोडून थांबवीन. आईने विचारलं होतं तेच, कुणीतरी सारखं बघणारं हवं.

आणि हो, मी पुन्हा दिवसांत आहे, अठरावा आठवडा. साखर यावेळी सुरुवातीपासूनच मोजतेय. सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केलेल्या चौघींपैकी साधारण तिघींना ती जमते, आणि गर्भाशयावरचा जुना टाका उसवायचा धोका दोनशेंत एक असा सांगतात. हे दोन्ही आकडे मी आईला सांगितले आहेत. मंगळवारी मिडवाइफची वेळ आहे. दुसरं पान आधी लिहून झालंय. पहिल्या पानावर सध्या एकच प्रश्न आहे : पाण्यात चालणारे मॉनिटर तुमच्याकडे किती आहेत?