गॅस नव्हता, स्लिप डिस्कही नव्हती

‘पाठीतलं पाणी काढायचंय’ म्हटल्यावर घरात रडारड झाली. पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो, हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक! माझ्या दुखण्याचा खरा माग मात्र त्याच पाण्याने दाखवला.

खांद्यांच्या मधोमध सुरा खुपसल्यासारखी कळ, मग मान ताठ, उलट्या. पहिल्या वेळी ईसीजी नॉर्मल, म्हणून ‘गॅस’. पुढच्या वेळी ‘स्लिप डिस्क’. नंतर पुन्हा तसंच झालं, वर पायांत मुंग्या. तेव्हा भावाने परळला पालिकेच्या रुग्णालयात नेलं.

पाणी एकामागून एक बाटल्यांत घेतलं. सुईनेच शीर फुटली असेल तर लाली पुढच्या बाटल्यांत फिकी होते. माझी शेवटपर्यंत तशीच, म्हणजे रक्त आधीच पाण्यात मिसळलेलं होतं. मेंदूच्या अँजिओग्राफीत काही नव्हतं. पाठीच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूलगत काळ्या ठिपक्यांची वेडीवाकडी रांग दिसली, म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्यांची खूण, शेजारी जुन्या रक्ताचे डागही. म्हणजे त्या ‘गॅस’च्या वेळीही बहुधा रक्तच सांडलं होतं.

पाठीची अँजिओग्राफी हे चिकाटीचं काम. जांघेतून नळी घालून मणक्यांच्या डाव्या-उजव्या धमन्यांत एकेक करून डाय सोडतात. ‘श्वास रोखा… सोडा’, तासन्‌तास. एवढं करून रिपोर्ट कोरा! डॉक्टर म्हणाले, गोठलेल्या रक्ताखाली वाहिनी दबलेली असू शकते, काही आठवड्यांनी परत करू. ‘नॉर्मल आलंय तर पुन्हा कशाला?’ ही घरातली कुरकुर मी ऐकून घेतली आणि सहीही केली.

दुसऱ्या खेपेला सापडली. धमनीतलं रक्त केशवाहिन्या टाळून थेट शिरेत घुसत होतं. रक्तवाहिन्यांच्या अशा गुंत्याला एव्हीएम म्हणतात. डॉक्टरांचं लक्ष मात्र ॲडमकिविझच्या धमनीकडे. ती मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला पोसते. चुकून बंद झाली तर पाय जातात. माझा गुंता मागच्या बाजूच्या फांदीवर होता, म्हणून बारीक नळीतून ग्लू, म्हणजे वैद्यकीय गोंद, सोडून तो बुजवता आला.

खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेविकेने सिद्धिविनायक न्यासासह काही ट्रस्टांचे अर्ज भरून घेतले. त्या बाईंशी नीट बोला, डॉक्टरांइतकंच महत्त्वाचं आहे ते.

डावा तळवा अजून बधिर आहे, चप्पल निसटली तरी कळत नाही. फिजिओथेरपी चालू आहे. ग्लूने गुंता पूर्ण बुजला का, हे पाहायला दिवाळीनंतर परत अँजिओग्राफी.