सहा फुटांच्या फळीवरचं शंटिंग

मॉडेल रेल्वेचा विषय निघाला की नाशिककरांचा एक प्रश्न हमखास येतो: "आमचा टू बीएचके, त्यात गाडी गोल फिरवायला जागा कुठली काढायची?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, गोल फिरवूच नका. गोल फिरणारी गाडी दहाव्या फेरीला कंटाळा आणते. शंटिंगचं, म्हणजे इंजिनाने डबे जोडत-सोडत हव्या त्या जागी लावण्याचं, यार्ड भिंतीलगतच्या फळीवर मावतं आणि त्यात डोकं चालवावं लागतं. सहा फूट लांब, एक फूट रुंद एवढी फळी बास. मात्र फळी आधी कापून आणायची नाही. आधी वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मोजायच्या, मग फळी.

ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांचा 'इंग्लनुक' हा आराखडा यासाठी सर्वांत भरवशाचा. दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा) आणि तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ): एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. पुढे शंटिंग नेक, म्हणजे इंजिनाला मागे-पुढे करायला सोडलेला रूळ. त्यात इंजिन आणि तीनच वाघिणी मावायला हव्यात. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या कुठल्याही पाच, ठरलेल्या क्रमाने, लांब साइडिंगमध्ये उभ्या करायच्या. असे क्रम ६,७२० होतात.

सगळं गणित नेकवर आहे. नेक दोन सेंटिमीटरने जरी आखूड पडला तरी तिसऱ्या वाघिणीचं चाक सांध्यावर राहतं, सांध्याची पाती (सरकणारे रूळ) सरकत नाहीत आणि खेळ तिथेच थांबतो. तो पाच वाघिणींइतका लांब ठेवला, तर कोडंच उरत नाही. म्हणून एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, हिशोब असा मांडा. एक वाघीण कपलिंगसकट १५ सेंमी धरा. छोटं शंटर, म्हणजे शंटिंगचं इंजिन, १८ सेंमी, तीन वाघिणी ४५ आणि मोकळीक ३, म्हणजे नेक ६६ सेंमी. पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीचा छोट्या त्रिज्येचा सांधा साडेअठरा सेंमी. सांध्यापुढे फाउलिंग मार्कपर्यंत, म्हणजे वाघीण उभी करायच्या हद्दीच्या खुणेपर्यंत, १२ सेंमी सोडा, कारण त्याच्या आत उभी केलेली वाघीण शेजारच्या रुळावरचीला घासते. मग पाच वाघिणींचे ७५ आणि टोकाच्या बफरला, म्हणजे रूळ संपतो तिथल्या अडथळ्याला, ४. बेरीज १७५.५ सेंमी. सहा फूट म्हणजे १८३, त्यामुळे दोन्ही टोकांना थोडी जागाही उरते. दुसरा सांधा पहिल्याला लागून तीनच्या बाजूला बसवायचा, पाचच्या बाजूला नाही. पाचच्या बाजूला बसवलात तर लांबी जवळपास दोनशेवर जाते. त्याहून लहान एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, हेच सगळं साडेतीन फुटांत बसतं, पण हाताने वाघिणी सोडवताना डोळ्यांना ताण येतो.

लांबी सरासरीने धरू नका, सर्वांत लांब वाघिणीवर धरा. आजच्या वाघिणींपैकी बॉक्सएन (कोळशाची उघडी) १:८७ ला सव्वाबारा सेंमी भरते, बीसीएनए (बंद) साडेसोळाच्या वर. (आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर या स्केलला १९ मिलिमीटरच्या वर येतं, रूळ मात्र साडेसोळाचे मिळतात. त्यावर वाद घालणारे खूप आहेत. घालू द्या.)

आता कारखाने. आज रेल्वेचा माल पूर्ण रेकने, म्हणजे एकाच मालाच्या अख्ख्या गाडीने, जातो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला कोळशाची अख्खी गाडी लागते, मनमाडजवळच्या पानेवाडीत टँक वाघिणींच्या रांगा उभ्या असतात. अशात एक-एक वाघीण वेचून लावायचं काम उरत नाही. म्हणून काळ १९८० च्या आधीचा घ्या, सुट्या वाघिणींचा, आणि स्टेशन काल्पनिक ठेवा. लासलगाव-खेरवाडीच्या बाजूचा एखादा कांद्याचा मालधक्का समजा. लांब साइडिंग मालधक्क्याची, दुसरी धान्याच्या गोदामाची, तिसरी तेलाच्या छोट्या डेपोची. इमारती मागच्या कडेला चिकटवून निम्म्याच उभ्या करायच्या, तीन-चार सेंमी खोलीच्या. नुसती दर्शनी भिंत पुरते.

खरी मजा जागा नेमून देण्यात आहे. गोदामाला तीन दरवाजे काढा, त्यांतला मधला फक्त खताला. टँक वाघीण पाइपाखालीच, पाच सेंमी पुढे-मागे चालायचं नाही. एक सेंटिमीटर रूळ न वाढवता काम वाढतं. बफरजवळच्या दरवाज्याची वाघीण हवी असली तर पुढच्या दोन काढून पुन्हा जागेवर लावाव्या लागतात. लोक सांधे वाढवत बसतात, त्यापेक्षा हे स्वस्त.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, सांध्याचं क्रॉसिंग, म्हणजे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग. प्लॅस्टिकचं असेल तर त्यावर वीज नसते, आणि छोटं इंजिन मुंगीच्या चालीने येऊन नेमकं तिथेच बसतं. धातूचं क्रॉसिंग घ्या आणि त्याची पोलॅरिटी (धन-ऋण) सांध्याबरोबर बदलणारा स्लाइड स्विच लावा. फळीच्या कडेला बसवलेला स्विच आणि पाती सायकलच्या स्पोकने जोडली की एकाच ढकलीत दोन्ही कामं होतात, मोटर लागत नाही. क्रॉसिंगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर (रूळ जोडणाऱ्या चिपा) विसरलात तर शॉर्ट होणार. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर सोल्डर करा. धातूचा जॉइनर आज वीज देतो, दोन पावसाळ्यांनी देईलच असं नाही.

दुसरं, कपलिंग. केडी कंपनीचं पाच नंबरचं कपलिंग सर्वत्र लावा आणि उंची त्यांच्याच गेजने (मापाने) तपासा. वळणावर कपलिंग समोरासमोर येत नाहीत, म्हणून जोडण्या-सोडवण्याच्या जागेला निदान एका वाघिणीइतका सरळ रूळ हवा. कपलिंग सोडवायला रुळाखाली बसवतात ते चुंबक नको तिथेही वाघीण सोडून देतं. कबाबची बांबूची काडी कपलिंगमध्ये घालून फिरवलेली बरी. हलकी वाघीण धक्क्याने पळते, म्हणून सहा इंची वाघिणीचं वजन ११० ग्रॅमच्या आसपास आणा. आत नट चिकटवले की झालं. फळी लेव्हलला नसेल तर हे सगळं वाया.

तिसरं, आपली हवा. १२ मिमी प्लायचा फक्त वरचा पृष्ठभाग रंगवला तर पावसाळ्यात तो वाकतो. खालची बाजू आणि कडाही रंगवा, विशेषतः कडा. रूळ थंडीत बसवणार असाल तर जोडात अर्धा-पाऊण मिलिमीटर फट ठेवा. निकेल-सिल्व्हरचा एक मीटर रूळ तापमान ३० अंशांनी वाढलं की अर्धा मिलिमीटर लांबतो, आणि निफाडच्या थंडीत घट्ट बसवलेला रूळ एप्रिलमध्ये फुगून वर येतो.

खेळायला आठ चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एका वाघिणीचा नंबर. पाच काढा, त्याच क्रमाने गाडी लावा. सरावाने सोपं वाटू लागलं की नियम घाला: उरलेल्या तीन वाघिणी आपापल्या दारात किंवा पाइपाखाली परत गेल्याखेरीज गाडी सुटणार नाही.